मंत्र्याची बहीण असण्याचा ताप

गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवणारी अक्का गॅरेजांच्या त्या अख्ख्या गल्लीला माहीत होती. एका शटरचं दुकान, मागच्या भिंतीशी उभे केलेले रेक्झिनचे गुंडाळे, पुढं शिलाईची दोन दणकट मशिनं, आणि दारात लागलेल्या गाडीत अर्धा आत, अर्धा बाहेर असा तिचा नवरा, कव्हरं ओढून बसवणारा. सुई मोडली की अक्का मशीनला बोलायची, दोरा तुटला की दोऱ्याला, आणि काहीच बिघडलं नाही की नवऱ्याला. पण शिवण अशी की गाडी भंगारात जाईल, टाका उसवणार नाही.

अक्काला एकदा शाळेच्या बसगाड्यांच्या सीटचं मोठं काम मिळालं. पैसे मात्र दुकानाच्या नावावर बँकेत खातं असेल तरच जमा होणार होते. ती बँकेत गेली, कागद दिले, सांगतील तिथं सह्या केल्या. "आठवडाभरात होईल," शाखेतला साहेब म्हणाला. आठवडा गेला, दुसराही गेला. अक्का गेली की "वरून आलं नाही", पुन्हा गेली की "सिस्टीममध्ये आहे". चपला झिजल्या, पण खातं काही उघडेना. शेवटी एका दुपारी ती काचेसमोर ठाण मांडून उभी राहिली, तेव्हा साहेबानं इकडंतिकडं बघत आवाज खाली आणला.

"बाई, तुम्ही आधी बोलला नाहीत. ते उपमंत्री तुमचे सख्खे भाऊ ना?"

अक्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जन्मानं भाऊ. त्याच्यापुढं काही नाही."

साहेबानं स्क्रीन तिच्याकडं वळवली. त्यावर एक जुना फोटो होता. दवाखान्यातली खाट, खाटेवर तिचे वडील, त्यांचा हात हातात घेऊन गहिवरलेला धाकटा भाऊ, आणि मागं चेहरा वाकडा करून उभी असलेली अक्का. खाली छापलेलं: आजारी वडील आणि थोरल्या बहिणीसोबत.

त्या दिवशी काय झालं होतं ते फोटोत कुठं दिसणार? धाकटा निवडणुकीला उभा होता. महिनोन्महिने वडिलांकडं फिरकला नाही, आणि आला तो फोटोवाले घेऊन. वडील गुंगीत होते. फोटो निघाले, हात सुटला. वडिलांनी डोळे उघडून "धाकटा आला होता का?" असं विचारलं, तोवर तो दुसऱ्या वस्तीत भाषण देत होता. अक्कानं त्याला फोन करून जे सुनावलं, त्यानंतर दोघांत एक शब्द नव्हता. वडील गेल्यावरसुद्धा नाही.

"म्हणून तुम्ही पीईपीच्या नातेवाईक ठरता," साहेब म्हणाला.

"हे काय नवीन आजारपण?"

"तसं नाही हो. मंत्री, खासदार, बडे न्यायाधीश, सैन्यातले मोठे अधिकारी, सरकारी कंपन्यांचे प्रमुख, अशा वरच्या जागेवरच्या माणसांना आमच्यात पीईपी म्हणतात. त्यांच्या हातात सत्ता असते, त्यामुळं लाच खायची संधीही असते. आणि खाल्लेला पैसा कुणी स्वतःच्या नावावर ठेवत नाही. बायको, मुलं, भावंडं, जवळचे भागीदार यांच्या नावानं फिरवतात. म्हणून घरच्यांवरही नजर ठेवावी लागते."

"त्यानं मला कधी चहा पाजला नाही, आणि पैसा ठेवायला माझ्याकडं येईल?"

साहेब ओशाळून हसला. "असं करा, तुमच्या धंद्यात त्यांचा काही संबंध नाही असं त्यांच्याकडून लिहून आणा. मग मलाही बरं पडेल."

घरी आल्यावर अक्कानं पदर कंबरेला खोचून भांडी आपटली. नवरा म्हणाला, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मंत्र्याची बहीण आणि बँकेत खातं नाही."

"तू हसू नकोस. बसवाल्याचा सकाळी फोन होता. थांबणार नाही म्हणाला."

"मग जा की भावाकडं."

"मी? त्याच्या दारात?"

पण कामाची गरज होती. हाताखालच्या दोघी शिवणाऱ्या बायकांना तिनं याच कामाच्या भरवशावर ठेवून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, अपमान गिळून, ती उपमंत्र्याच्या कार्यालयाच्या फाटकाशी उभी राहिली.

"कोण पाहिजे?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"मी साहेबांची बहीण."

त्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "इथं रोज कुणी ना कुणी बहीण येते, मावशी. ओळख काय?"

अक्काकडं ओळखपत्र होतं, पण त्यावर सासरचं आडनाव. तिनं मोबाइलवर तोच फोटो शोधला आणि दाखवला. मागं उभी असलेली वाकड्या चेहऱ्याची बाई ही आपणच, हे पटवायला तिनं चेहरा वाकडा करूनही दाखवला. पहारेकरी हसून लोटपोट झाला, पण त्यानं आत निरोप धाडला. थोड्या वेळानं साहेबांचा सचिव पायऱ्या उतरून आला. कडक इस्त्रीचा, घाईतला.

"साहेबांना बहीण नाही," तो म्हणाला. "असती तर मला माहीत असतं."

अक्काला वाटलं होतं, आपल्याला राग येईल. राग आलाच नाही. मोबाइल पिशवीत टाकून ती वळली. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मग संताप आला, आणि तो असा आला की ती उतरायचा थांबा चुकवून थेट बँकेच्या थांब्यावर उतरली.

"ऐका," ती काउंटरवर हात ठेवून म्हणाली. सगळी रांग ऐकत होती. "तुम्ही म्हणता मी त्याची बहीण, म्हणून खातं नाही. तो म्हणतो मी त्याची बहीण नाही, म्हणून चिठ्ठी नाही. तुम्ही दोघं आधी ठरवा मी कोण ते, मग मला कळवा! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तुमच्यापेक्षा वरचं कोण असेल त्याला बोलवा."

वरच्या मजल्यावरून एक बाई खाली आल्या. खात्यांच्या तपासणीचं काम त्यांच्याकडं होतं. चष्मा कपाळावर, हातात अर्धवट खाल्लेलं बिस्किट. त्यांनी अक्काला खुर्ची दिली आणि सगळं ऐकून घेतलं.

"चिठ्ठीची गरजच नव्हती," त्या म्हणाल्या आणि शाखेतल्या साहेबाकडं असं बघितलं की तो प्रिंटरमध्ये कागद भरायला लागला. "मंत्र्याचं नातेवाईक असणं हा गुन्हा नाही. अशा माणसाचा पैसा कुठून येतो ते आम्ही जास्त बारकाईनं बघायचं, वरिष्ठांची मंजुरी घ्यायची आणि पुढं लक्ष ठेवायचं, एवढाच नियम आहे. खातं नाकारा असं त्यात नाही. आमच्या माणसांना वाटतं, नकोच ती भानगड."

"आमचं बोलणं नाही, हे लिहा की त्यात."

"लिहीन. पण नातं त्यानं मिटत नाही. आमच्याकडं भांडणाला रकाना नाही."

"आणि त्याची खुर्ची गेली तर?"

"तरी शिक्का लगेच पुसला जात नाही. खुर्ची गेली तरी ओळखी राहतात."

अक्कानं कपाळाला हात लावला. बिलं, बसवाल्याचा करार, दुकानाच्या भाड्याच्या पावत्या, सगळं तिनं दुसऱ्या दिवशी आणून दिलं. त्या आठवड्यातच खातं उघडलं. तोवर निम्म्या बसगाड्यांचं काम पलीकडच्या गल्लीतल्या एका शिवणाऱ्यानं पळवलं होतं. उरलेल्या निम्म्या अक्कानं वेळेत दिल्या. आजही खात्यात जरा मोठी रक्कम आली की बँकेतून फोन येतो, "हे पैसे कशाचे?" आणि अक्का दर वेळी ओरडते, "सीटचे! गाडीच्या! बसायच्या!"

पुढं मंत्रिमंडळात फेरबदल झाले आणि धाकट्याची खुर्ची गेली. एका सकाळी अक्काच्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला.

"अक्का, मी."

तिनं मशीन थांबवलं.

"तू आली होतीस म्हणे. मला आत्ता कळलं. त्या सचिवाला मीच सांगून ठेवलं होतं, नातेवाईक कुणी आत सोडू नकोस म्हणून. कामं घेऊन येतात गं सगळे."

"मी चिठ्ठी मागायला आले होते. तुझ्याशी माझा संबंध नाही अशी."

पलीकडं तो हसायला गेला, पण त्याला खोकल्याची उबळ आली. मग म्हणाला, "ऐक ना, हिच्या नावावर एक खातं उघडायचंय, नव्या बँकेत. माझ्यामुळं अडवून ठेवलंय. तुझं कसं झालं?"

"सोपं आहे," अक्का म्हणाली. "पैसा कुठून आला ते सांगायचं, आणि त्याचे कागद द्यायचे."

पलीकडं पुन्हा खोकला सुरू झाला.

"बघतो," तो म्हणाला.

"बघ. आणि तो खोकला दाखव कुणाला तरी, बाबांनाही असाच सुरू झाला होता."

फोन ठेवल्यावर ती दिवसभर धुसफुसत राहिली. शेवटचं ते वाक्य आपण का बोललो, याचाच तिला राग येत होता.