दोनदा परत धाडलेली लेक

लोणारजवळ दीड एकरात वांगी, मेथी पिकवून शालूबाईनं एकुलत्या एका लेकीला, दीपमालाला, बारावीपर्यंत शिकवलं आणि मेहकरकडच्या एका खेड्यात राजकुमारला दिलं. सहाव्या महिन्यात लेक सुजलेला गाल घेऊन माहेरी आली. शालूबाईनं हळद लावली, चार दिवस ठेवून घेतलं आणि नवी साडी नेसवून स्वतःच पोचवून आली.

दुसऱ्या खेपेला दंड काळेनिळे होते.

"माय, राजकुमार मले जित्ती नाही ठेवत," दीपमाला म्हणाली.

"तुह्या बापानं काय माह्यावर हात नाही उचलला? म्या घर सोडलं का? लेकरू झालं की निवते माणूस."

बाप शेषराव ओसरीवर बसून ऐकत होता. सकाळी त्यानंच लेकीला परतीच्या एसटीत बसवलं.

लेकरू झालं. जावई निवला नाही. दिवाळीनंतर तिकडच्या शेजारणीचा फोन आला, की दीपमालाच्या कानातून रक्त गेलं. शालूबाई मिळेल त्या गाडीनं निघाली. पोचली तेव्हा लेक भाकरी थापत होती. डाव्या कानात कापूस होता.

"लेकराले घे अन् चाल माह्यासंगं. आता नाही धाडत तुले."

दीपमालानं तव्यावरची भाकरी उलटवली. "दोनदा आली होती मी. तवा काऊन नाही ठेवलं?"

"चुकलं माह्यं."

"मंग आता मले समजावू नको."

शालूबाई तिथूनच पोलीस ठाण्यात गेली. घरी आलेल्या पोलिसाला दीपमालानं सांगितलं, न्हाणीत पाय घसरला. त्या दिवसापासून जावयानं शालूबाईला दार बंद केलं, लेकीचा फोनही काढून घेतला.

मग शालूबाईनं लोणारचा बाजार सोडला. आता दर आठवड्याला ती भाजीची गाठोडी एसटीत घालून लेकीच्या गावच्या बाजाराला जाते. तिथं गिऱ्हाईक थोडं. दीपमाला आपल्या सासूबरोबर येते आणि शालूबाईच्या शेजारी बसलेल्या भाजीवालीकडून भाजी घेते. तेवढ्या वेळात शालूबाई तिचा चेहरा बघते, मग मनगटं. एकदा सासू मागं राहिली, तेव्हा शालूबाईनं हळूच हाक मारली. लेकीनं वळून पाहिलं नाही. ऐकू गेलं नाही, की ऐकायचंच नव्हतं, हे शालूबाईला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी शेषराव विचारतो, "दिसली का?"

ती त्याच्यापुढं ताट सरकवते आणि परसात निघून जाते.