मामांचा दुसरा आवाज

घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या बायकोच्या मामांएवढा मोठा आवाज देवानं दुसऱ्या कुणाला दिला नव्हता, आणि दिलेला आवाज इतका मुळासकट परत नेल्याचं उदाहरणही मला दुसरं ठाऊक नाही. मामा मालवणकडचे. कुर्ल्याच्या मालधक्क्यावर कारकून होते. गाडीच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या हमालाला 'मेल्या, ती पेटी आडवी कित्याक घातलस?' असं विचारायचं, हा त्यांच्या नोकरीचा मोठा भाग, आणि त्यासाठी त्यांना कधी जागेवरून हलावं लागलं नाही. कुजबुजणं म्हणून जे असतं ते त्यांना साधतच नसे. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी मामींच्या कानात 'जावई बरो असा, पण नाक जरा फुगीर असा' असं सांगितलं, आणि भटजींसकट सगळा मांडव माझ्या नाकाकडे बघू लागला. मामांच्या मनात पाप नसे. त्यांच्या मनात जे असे ते सगळ्या घाटकोपरला ऐकू येई, इतकंच. त्यामुळे त्यांना कुणी चुकूनही गुपित सांगत नसे.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यावर केव्हातरी त्यांचा घसा बसला. मामींचं ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मामांनी रोजच्या विड्या निम्म्यावर आणून पाहिल्या. घसा काही उठला नाही. मग मोठ्या इस्पितळात रेडियमचे शेक झाले, आणि शेवटी तिथल्या सर्जननं सांगितलं की गळ्यातली आवाजाची पेटीच काढावी लागेल. त्या काळी या रोगाचं नाव घरात उच्चारत नसत. मामी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. मामा उरल्यासुरल्या आवाजात म्हणाले, "काढा. जन्मभर पेट्याच हलवल्या, एक आणखी."

मामा वाचले. गळ्याच्या खालच्या अंगाला एक भोक राहिलं, त्यातून श्वास चाले. त्यावर मामींनी पांढऱ्या मलमलीचं लाळेरं शिवून दिलं होतं. चहावर फुंकर मारता येईना, म्हणून मामा बशीला वर्तमानपत्रानं वारा घालत. शिंक आली की नाकाऐवजी गळ्यापाशी रुमाल नेत, आणि समोरचा दचकला की त्यांना फार आनंद होई. बोलायचं ते पाटीवर लिहून. आणि गंमत अशी की ज्या माणसाला जन्मात कुणी गुपित सांगितलं नव्हतं, त्याच्याकडे आता गुपितांची रीघ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या विधुर मास्तरांना पुन्हा लग्न करावंसं वाटत होतं, ते त्यांनी आधी मामांना सांगितलं. एका सुनेनं सासूविषयी सांगितलं, मग त्याच सासूनं सुनेविषयी. मीसुद्धा ऑफिस सोडून दुसरीकडे चिकटायचा माझा बेत बायकोच्या आधी त्यांच्या कानावर घातला. मामा मान डोलवत आणि पाटीवर लिहीत, 'पुढे?'

तेवढ्यात त्या डॉक्टरबाई आल्या. परदेशात शिकून नुकत्याच परतलेल्या, किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा. पेटी काढलेली माणसं हवा गिळून, ती ढेकरेसारखी वर आणून बोलायला शिकू शकतात. कोण शिकतं, कुणाला जमत नाही, हवा नेमकी कुठे साठते, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यांनी मामांना स्वच्छ सांगितलं, "हा उपचार नाही. तुमचा रोग गेलाय. यातून तुम्हाला काही मिळेलच असं नाही, तुमच्या मागून येणाऱ्यांना मिळेल. नाही म्हणालात तरी चालेल." मामांनी पाटी घेतली आणि लिहिलं, 'शाळेत मी कधी अभ्यास केला नाही. आता अभ्यासच माझा करायला निघालाय. नाही कसं म्हणू?'

त्या दिवसापासून मामांचा घसा मामांचा राहिला नाही. तो अभ्यासाचा झाला. मासे खाताना ते काटा असा वेचत, जणू सरकारी मालमत्तेला ओरखडा जाईल. इस्पितळाची पाळी शनिवारी असे. माझं ऑफिस अर्धा दिवस, म्हणून मी बरोबर जाई. मामा लग्नातला कोट घालून निघत. तिथे त्यांना खडूच्या लापशीसारखं काहीतरी पाजून काळोख्या खोलीत क्ष-किरणांच्या पडद्यामागे उभं करत, आणि गळ्यात काय चाललंय ते बाई पडद्यावर बघत. फिती फिरणाऱ्या यंत्रासमोर बसवून वारांची नावं म्हणवून घेत. घरी मामांचे स्वतःचे प्रयोग चालत. मुळ्यानं ढेकर चांगली येते की हरभऱ्यानं, गोळीच्या बाटलीतला सोडा जेवणाआधी बरा की नंतर, याचे निष्कर्ष ते दर शनिवारी बाईंना लिहून दाखवत. बाई म्हणत, "मामा, हे आपल्या अभ्यासात नाही." मामा लिहीत, 'घाला.' खोटं मात्र ते एका अक्षरानं सांगत नसत. "विडीची तलफ येते का?" असं बाईंनी विचारलं की मामी मागून कोट ओढत, आणि मामा ठळक अक्षरात लिहीत, 'रोज संध्याकाळी.'

पहिला शब्द आला तो जेवताना. मामांनी आमटीचा घोट घेतला, हवा गिळली आणि घोगऱ्या, खोल, विहिरीतून आल्यासारख्या आवाजात म्हणाले, "मीठ नाय." मामी रडत उठल्या आणि त्या आनंदात त्यांनी आमटीत इतकं मीठ घातलं की ती कुणालाच खाता आली नाही.

इमारतीत मात्र घबराट पसरली. मामा बोलायला लागले! मास्तर धावत आले. सासू आली, सून आली, दोघी जिन्यात समोरासमोर. मामांनी प्रत्येकाला एकच सांगितलं, "कोणाक सांगूचंय नाय." आणि खरोखर सांगितलं नाही; माझी नोकरीची गोष्ट माझ्या बायकोला शेवटी मीच सांगितली. हळूहळू मामा छोटी वाक्यं बोलू लागले. त्यांचं म्हणणं असं की मालवणी एका ढेकरेत बसते, शुद्ध मराठीला सोडा लागतो. डॉक्टरबाईंशी शुद्ध बोलायचं म्हणून ते इस्पितळाबाहेर एक बाटली फोडून आत जात.

बाईंच्या सगळ्या माणसांत मामा सरस निघाले आणि इथेच घात झाला. एका शनिवारी बाई म्हणाल्या, "भांडुपचे एक भजनी बुवा आहेत. तुमचाच रोग. ऑपरेशनला तयार होत नाहीत. आवाज गेला तर जगून काय करू, म्हणतात. तुम्ही भेटाल का त्यांना?" मामांना आकाश ठेंगणं झालं. आठवडाभर त्यांनी घरात तालीम केली. बुवा भजनी, तेव्हा त्यांना नुसतं बोलून काय दाखवायचं? मामांनी 'रामकृष्णहरी' एका दमात म्हणायचं ठरवलं. मामी म्हणाल्या, "अहो, नुसते जाऊन बसा. विचारपूस करा." पण मामा ऐकतात कुठले.

बुवा खाटेच्या कडेला बसले होते. गोरेपान, कपाळाला बुक्का, बायको पायाशी सतरंजीवर. मामांनी नमस्कार केला, भरपूर हवा गिळली आणि म्हटलं, "राम-कृष्ण-हरी!" पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा चाल लावायचा प्रयत्न केला. मी मामांकडे कौतुकानं बघत होतो. बुवांकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"हे असं?" ते बाईंना म्हणाले. त्यांचा घसा बसलेला होता, पण त्या बसक्या स्वरातही गोडवा होता. "अशा आवाजात देवाचं नाव घ्यायचं? त्यापेक्षा आहे तो आवाज घेऊन जाईन."

त्याच संध्याकाळी ते भांडुपला निघून गेले. वर्ष पालटायच्या आत बुवा वारल्याची बातमी आली.

मामांनी आठवडाभर पाटी पुन्हा हातात घेतली. बोलता येत असून बोलत नव्हते. बाईंनी समजावलं, "मामा, ते मुळातच तयार नव्हते. तुमचा दोष नाही." मामांनी लिहिलं, 'मी त्यांना धीर द्यायला गेलो नव्हतो. मी मिरवायला गेलो होतो.'

मग एका रविवारी ते मला म्हणाले, "भांडुपाक चल." बुवांचं घर शोधायला वेळ लागला. दोन खोल्या, भिंतीला टांगलेली वीणा. बुवांच्या बायकोनं आम्हाला ओळखलं; पाणी दिलं. मामांनी ते घोट घोट करून संपवलं. शेवटी हवा गिळून म्हणाले, "चुकलो."

ती बाई त्यांच्या गळ्यावरच्या लाळेऱ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ऑपरेशन केलं असतं तर त्यांनापण असाच आवाज आला असता?"

"हो," मामा म्हणाले.

"मला चालला असता हो," ती म्हणाली. "मला तेवढापण पुरला असता. पण मला कुणी विचारलंच नाही."

पुढच्या शनिवारी त्यांनी बाईंच्या खोलीत पहिलं वाक्य टाकलं, "आधी बायकांका विचारा." आणि त्यानंतर त्यांनी कुठल्याही नव्या रोग्यासमोर आपणहून बोलून दाखवलं नाही. ते मामींना घेऊन जात. स्वतः खाटेपाशी नुसते बसत, रोग्याचा डबा उघडून देत, त्याचं ऐकत. बोलत मामी. बाहेरच्या बाकावर रोग्याच्या बायकोला जवळ घेऊन त्या सांगत, "पयलो महिनो रडू येता. मगे हसू येता. मगे कायच येणा नाय, माणूस आपलो माणूस." कुणी तयार झाले, कुणी नाही. एका गिरणीतल्या जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, मामांना विचारलं, "पोरांवर ओरडता येतं का?" मामा म्हणाले, "नाय. पण पोरं आयकतत." तो तयार झाला.

बाईंचा अभ्यास एकदाचा पुरा होऊन परदेशी छापून आला. त्यांनी मामांना मुद्दाम बोलावून तो मराठीत समजावून सांगितला. त्यात मामांचं नाव नव्हतं, नुसता एक माणूस, वय अमुक, रेल्वेतला कारकून. मामांनी स्वतःला लगेच ओळखलं आणि हसले. मग विचारलं, "बुवा खंय?"

"ते यात नाहीत, मामा," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांनी ऑपरेशन केलं नाही. हा राहिलेल्यांचा अभ्यास आहे."

"बरोबर," मामा म्हणाले. पण हसू गेलं होतं.

बाहेर बाकावर आम्ही दोघं बसलो. समोरून खाटा जात होत्या, येत होत्या. मला वाटलं त्यांना बुवांच्या मरणाचंच पुन्हा वाईट वाटतंय. मी समजूत घालायला तोंड उघडणार, तोच त्यांनी हात वर केला.

"माझो आवाज," ते म्हणाले, "मी तेंका आयकवलंय." थांबले. हवा गिळली. "तेंका गावूक सांगूक होया होता. अजून गळो होतो तेंचो." पुन्हा हवा गिळली. "तेंचो आवाज आयकूचो रवलो."

एवढं बोलायला त्यांना किती कष्ट पडले ते मला दिसत होतं, म्हणून मी उठून बाहेरून सोड्याची एक बाटली घेऊन आलो.