वाकून मोजलेली निलगिरी

सर्दी झाली की सून माझ्या रुमालावर निलगिरीचं तेल शिंपडते आणि मी आंबवड्याच्या उतारावर पोचतो. भोर संस्थानाच्या जंगलखात्यातली माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. पितळी यंत्रानं एका निलगिरीची उंची मी नव्वद फूट काढली आणि तिच्यातल्या लाकडाचा अंदाजही मांडला. दुसऱ्या दिवशी साहेब तेच झाड पाडून पडताळा घेणार होते. चुकलो तर घरी जायचं.

"भाऊसाहेब, नव्वद न्हाई, सत्तर," म्हातारे रखवालदार सखाराममामा म्हणाले. "तुमी खालनं बगितलं. उतार बी झाडातच धरला."

ते उताराला आडवे चालत लांब गेले. झाडाकडं पाठ करून वाकले, दोन पायांमधून शेंडा जेमतेम दिसला तिथं थांबले. "हितनं झाड जितकं लांब, तितकंच उंच. आता तुमी वाका."

टोपी सांभाळत मीही वाकलो, मग तिथून झाडापर्यंतचं अंतर फितीनं मोजलं. सत्तरच. मी आकडा बदलला.

झाड पडलं, फीत लागली, एकाहत्तर भरलं. साहेबांनी यंत्राची तोंडभर स्तुती केली.

"व्हय साहेब, यंत्र लई हुशार," मामा गंभीरपणे म्हणाले.

तेव्हा वाटलं, म्हातारा माझी थट्टा करतोय. माझी नोकरी त्यांनी त्या वाक्यानं कायम केली, हे कळायला मला त्यांच्या वयाचं व्हावं लागलं.