सलीमभाईंचं एक मिनिट

मित्रांनो, आज सकाळी डोंगरकडा गावात माझ्या चुकीनं सलीमभाईंची दोन बोटं गेली.

त्यांच्या हळद पॉलिशच्या ड्रमचा स्टार्टर मी बनवलाय. लाइट आली की साठ सेकंद थांबूनच मोटर फिरावी, असा प्रोग्राम. त्यातल्या फंक्शनला पाच आकडे लागतात. या प्रोसेसरमध्ये पहिले चार रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांतून जातात, पाचवा मेमरीत ठेवला जातो. साठ हा पाचवा होता. मी गाढवासारखा तो रजिस्टरमधून वाचला. टेस्टिंगला तिथं नेमके जुने साठच पडून होते. आज तिथं शून्य होतं.

लाइट गेली, सलीमभाईंनी अडकलेली हळद काढायला हात घातला. लाइट आली आणि ड्रम लगेच फिरला.

दवाखान्यात ते रागावलेसुद्धा न्हाईत. एवढंच म्हणाले, "तुमीच म्हनले होते ना, मिनिटभर थांबते म्हनून?"