सरकारी दराचे साडू

चाकणच्या चौकापासून थेरगावापर्यंत शिक्का मारून पोट भरणारे जेवढे आहेत, त्या सगळ्यांची झोप एकट्याने उडवू शकेल असा एकच माणूस देवाने घडवला, आणि घडवून झाल्यावर त्याला नेमका माझा साडू केला. हे साडूबुवा नोटरी आहेत. मीही नोटरी आहे. नोटरीने कुठल्या कामाचे किती घ्यावेत हे सरकारने ठरवून दिलेलं आहे, ही गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत आहे. साडूबुवांना ती खरी वाटते, एवढाच काय तो फरक.

हा दर फलकावर लिहून लोकांना दिसेल असा लावायचा असतो. चाकणला एका झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चार-पाच नोटरी ओळीने बसायचो आणि फलक प्रत्येकाकडे होता. माझ्या फलकावर गणपतीचं कॅलेंडर टांगलेलं असे, शेजारच्याच्या फलकावर त्याचा काळा कोट. साडूबुवांचा मात्र उघडा, वर ट्यूबलाइट, आणि रोज सकाळी ते तो ओल्या फडक्याने पुसून घेत. गिऱ्हाईक आलं की आधी फलकापुढे उभं करत. "वाचा. मोठ्याने वाचा. नंतर माझ्याशी भांडू नका." भांडण व्हायचं ते भलत्याच कारणाने. नांदेड-लातूरकडची पोरं शिफ्ट सुटली की कंपनीला द्यायच्या कागदासाठी यायची आणि आकडा वाचून हबकायची. "सायेब, इतक्यातच? शिक्का खरा हाय ना?" एकाने तर त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र रीतसर करून घेतलं, पावती खिशात घातली आणि तोच कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाला, "ह्याच्यावर एक चांगल्यातला मारा." मी मारला. पैसेही चांगल्यातल्याचेच घेतले. साडूबुवा शेजारून शांतपणे बघत होते. पोरगा गेल्यावर म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवला नाही, ठीक आहे. पण तुमच्यावर ठेवला, याचं नवल वाटतं."

कुणाच्या घरी जाऊन सही घ्यायची असेल तर प्रवासभत्ता मिळतो, तोही अंतराप्रमाणे. थेरगावचा एक गॅरेजवाला आहे, सलीमभाई. त्याचे वडील अंथरुणाला खिळलेले, आणि दुकान सलीमभाईच्या नावावर करायला त्यांचं संमतीपत्र हवं होतं. साडूबुवा पिंपळे गुरवच्या आपल्या घरून स्कूटरवर गेले, म्हाताऱ्याला प्रत्येक ओळ समजावून सांगितली, अंगठा घेतला आणि भत्त्याचा हिशेब करायला बसले. "डांगे चौकात मेथी घ्यायला आत वळलो होतो. तेवढं वजा केलंय." सलीमभाई त्यांच्याकडे बघतच राहिला. "साहेब, लोक रस्ता लांबवतात आणि तुम्ही भाजी वजा करता. तब्येत बरी आहे ना तुमची?" पुढे त्याने प्रेमाने स्कूटर नीट करून दिली, तर साडूबुवा बिल मिळेपर्यंत गॅरेजच्या बाकावरून हलेनात. शेवटी बिचाऱ्याने शेजारच्या दुकानातून बिलबुक मागून आणलं. गॅरेज काढल्यापासून त्याने फाडलेलं ते पहिलं बिल असावं. साडूबुवांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ही ताई म्हणायची, "लोकांचा नवरा नोटरी झाला की घरातला सोफा बदलतो. आमच्याकडे फक्त शिक्क्याची शाई बदलते."

इथपर्यंतचं मी लग्नाकार्यात, जेवणाच्या पंगतीत, हसत हसत सांगत आलो आहे. पुढचं सांगत नाही. आज सांगतो.

लोकांनी त्यांच्या फलकाचे मोबाइलवर फोटो काढायला सुरुवात केली. फोटो आमच्या नाकासमोर धरून घासाघीस करू लागले. मी कॅलेंडर आणखी थोडं खाली ओढून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग एका दुपारी शेडवाल्याने चहा मागवला आणि सगळ्यांदेखत साडूबुवांना म्हणाला, "राव, तुमचा त्रास व्हायलाय सगळ्यांना. एक तर फलक काढा, न्हाईतर टेबल सोडा."

"फलक माझा नाही, कायद्याचा आहे," साडूबुवा म्हणाले. "त्याला विचारून सांगतो."

कुणी हसलं नाही. त्यांनी एकेकाकडे पाहिलं, माझ्याकडे सगळ्यात शेवटी. "साडूभाऊ, तुमचं काय मत?"

मी चहा ढवळत राहिलो. टपरीवरचा चहा ढवळूनच येतो, तो पुन्हा कुणी ढवळत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यांनी मान हलवली, स्क्रू काढून फलक उतरवला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि स्कूटरला बांधून निघून गेले. त्या महिन्यात माझी कमाई वाढली. तेही सांगून टाकतो.

आता ते पिंपळे गुरवला आपल्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये टेबल टाकून बसतात. ताई माझ्या बायकोचा फोन उचलते, पण "दूध उतू जातंय गं" म्हणून लगेच ठेवते. वर्ष होत आलं, त्यांच्याकडे दूध उतूच जातंय. "एक शब्द बोलला असतात तर काय जीभ झिजली असती?" बायकोने एकदाच विचारलं. त्यानंतर तिने विचारलं नाही, आणि ते जास्त जड गेलं.

मध्यंतरी मुलीच्या पासपोर्टसाठी नावातल्या फरकाचं प्रतिज्ञापत्र मलाच द्यायची वेळ आली. स्वतःच्या प्रतिज्ञापत्रावर स्वतःचा शिक्का चालत नाही. शेडमधल्या कुणीही फुकटात मारून दिला असता. मी कागद घेऊन पिंपळे गुरवला गेलो.

साडूबुवांनी "बसा" म्हटलं. कागद माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. मग पेन उघडून थांबले. "ओळख कोण पटवणार?"

"अहो साडूबुवा, मी..."

"मी यांना व्यक्तिशः ओळखतो, असं लिहू, की दुसऱ्या कुणाला आणताय? जे नाही ते मला लिहिता येत नाही."

पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी धूत होतं. पाणी आमच्या पायापर्यंत आलं, तरी दोघांनीही पाय उचलले नाहीत.

"त्या दिवशी मी बोलायला हवं होतं," मी म्हणालो. "मला फलक जायलाच हवा होता, म्हणून गप्प बसलो."

ते माझ्याकडे बघत राहिले, आधारकार्डावरचा फोटो आणि समोरचा चेहरा ताडून बघावा तसे. मग खाली वाकून सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'व्यक्तिशः ओळखतो.' सही केली, शिक्का मारला. फी घेतली, सुटे परत दिले, पावती दिली. आणि खुर्ची मागे सारून वर गॅलरीकडे हाक मारली, "अगं, साडूभाऊ आलेत."

आम्ही दोघं मान वर करून थांबलो. मग ताई गॅलरीत आली, आणि खाली न बघता, दोरीवरचे कपडे काढत म्हणाली,

"जेवून जा म्हणावं त्यांना."