आधीच आभार

आमच्या गल्लीतल्या टीचरम्मा भलत्याच भित्र्या. वीज चमकली की गडगडाट होण्याआधी, तारवाला दारात दिसला की त्यानं तोंड उघडण्याआधी, त्या "स्तोत्रम" म्हणत. आमच्या तंजावुरातले ख्रिस्ती लोक देवाचे आभार असे मानतात. पण आभार कशाचे, हे तर अजून कळलेलंच नसायचं! मला हसू यायचं. एकदा मी विचारलंच. मला त्या धाकट्या भावासारखं "तंबी" म्हणत.

"तंबी, बातमी कळल्यावर तोंडातून शब्द निघेल याचा काय भरवसा?" त्या म्हणाल्या. "म्हणून आधीच म्हणून ठेवायचं."

मग कुवेतमध्ये लढाई पेटली. त्यांचा एकुलता एक मुलगा तिथे ड्रायव्हर होता. गल्लीत फोन फक्त आमच्याकडे, म्हणून त्याच्यापाशी नंबर आमचाच. शाळा सुटली की टीचरम्मा रोज आमच्या ओट्यावर येऊन बसत. दिलेली कॉफी गार होऊन जाई. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. मुलाचं नाव त्या काढत नसत. आम्हीही नाही.

एका संध्याकाळी फोन वाजला, बाहेरगावच्या फोनसारखा लांबलचक. टीचरम्मा आत आल्या, फोनसमोर उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून स्पष्ट म्हणाल्या, "स्तोत्रम." मग हात पुढे केला. पण रिसीव्हरला लागायच्या आत तो मागे घेऊन पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माझं म्हणून झालंय, तंबी," त्या म्हणाल्या. "उचल तू."

मी रिसीव्हरवर हात ठेवला. घंटा तळहातात थरथरत होती, आणि उचलण्याआधी म्हणायला माझ्याजवळ एक शब्दही नव्हता.