भुताचे पाय

जपानमधल्या निगाताच्या किनुए मिकामो या बाई शाळेतल्या भुतांची विनोदी चित्रकथा काढायच्या. जपानी भुतांना पाय नसतात, तशी त्यातली बिनपायांची सुझु पोरांची भारी लाडकी. शाळेच्या दारात मास्तर रोज तिला अडवायचे, "वर्गात घालायचे पांढरे बूट कुठायत?" सुझु म्हणायची, "सर, आधी पाय कुठायत ते सांगा!" वाचणारी पोरं हसून लोळायची. हसवणारीच्या घरात काय चाललंय, हे कोण विचारतो?

शेवटचा भाग पोचला आणि संपादक हिरोसेंचा फोन आला. "बाई, गडबड झालीये. सुझुला पाय काढलेत तुम्ही! भुताला कधी पाय असतात का? खोडून टाकतो."

"खबरदार हात लावलात तर!" किनुए कडाडल्या. "एकदा तरी बूट घालून वर्गात जाऊ दे तिला."

फोन आपटून त्या गॅलरीत आल्या. मुलं ते बूट शुक्रवारी धुवायला घरी आणतात आणि सोमवारी परत नेतात. त्यांच्या लेकीने, मिओनेही आणले होते. शनिवारी किनुएंनी ते घासून इथेच वाळत घातले, आणि रविवारी मिओ समुद्रात बुडाली.

पोर जाऊन किती वर्षं झाली, तरी दर शनिवारी किनुए ते बूट धुतात. मळलेले नसतात, तरी धुतात.